'नो लव्ह लॉस्ट' म्हणजे माया उरली की आटली? वैराचे इंग्रजी वाक्प्रचार नीट कसे वापरायचे

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, सातबारावर अकरा नावं, निम्मी मुंबईत आणि एक पुतण्या परदेशात. माझा चुलतभाऊ गेल्यापासून त्यांच्या हिश्शाचं सगळं हा पुतण्याच बघतो, त्याला मराठी बोलता येतं पण वाचायला जड जातं म्हणून मी त्याला ईमेल इंग्रजीतच करतो. मार्चमध्ये गडग्यावरून थोडं वाजलं, चिऱ्याचा गडगा दीड हात आत की बाहेर, कोकणात असतंच हे घरोघरी. मला त्याला एवढंच सांगायचं होतं की बाबा रे गडग्याचं काय व्हायचं ते होऊदे, तुझ्या बाबाची आणि माझी माया कधी कमी झाली नव्हती. 'नो लव्ह लॉस्ट' कुठेतरी वाचलेलं डोक्यात होतं, प्रेम हरवलेलं नाही, असा सरळ अर्थ मी लावला आणि लिहिलं, 'देअर वॉज नो लव्ह लॉस्ट बिटवीन युअर फादर अँड मी.'

बारा दिवस उत्तर नाही. मग आक्काचा फोन आला. "अरे, तू त्याका काय लिवलंस ता? बापाशी वैर होता म्हणान कित्याक सांगतंस, तो माणूस आता जगात नाय."

माझे हातपाय गार पडले. डिक्शनरी उघडली तर खरंच, दोन माणसांत नो लव्ह लॉस्ट म्हणजे त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, हरवायला मुळात प्रेमच नव्हतं. सतराव्या शतकात हा वाक्प्रचार दोन्ही अर्थांनी चालायचा, गाढ प्रेमासाठीही आणि त्याच्या उलटही, पण पुढे प्रेमाचा अर्थ गळून गेला आणि आज फक्त वैराचा उरलाय. मी तिनशे वर्षांपूर्वीचा अर्थ लिहून बसलो.

नंतर विचार करताना लक्षात आलं की आपल्याकडे पण हेच आहे की. 'त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य' म्हणतो तेव्हा शब्द सख्य आहे आणि अर्थ हाडवैर. मराठी नवीन शिकणारा माणूस त्यातला सख्य शब्द धरून बसला तर त्याची पण माझ्यासारखीच गत होईल. म्हणून इथे विचारतोय, आकस, अढी, डूख धरणे, उभा दावा, हाडवैर ह्या सगळ्यांना इंग्रजीत लिहिताना नेमकं काय वापरता आणि कुठे घसरायला होतं?

—

वाचून वाईट वाटलं. मी वेंगुर्ल्याला हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. तुमच्या उलट बाजूची चूक दरवर्षी वहीत दिसते, भाऊबंदकीला मुलं ब्रदरहूड लिहितात. भाऊ आहे, बंध आहे, मग ब्रदरहूडच ना. मी सांगते, ब्रदरहूड म्हणजे बंधुभाव, भाऊबंदकीला 'फॅमिली फ्यूड' लिहा.

हाडवैरचं मात्र जास्त सांभाळा. हाड दिसलं की मुलांना 'बोन टु पिक' आठवतं, पण 'आय हॅव अ बोन टु पिक विथ यू' म्हणजे माझी तुझ्याविरुद्ध एक तक्रार आहे, बस जरा, बोलून घेऊ. त्यात वैर नाहीच, बायको नवऱ्याला किंवा मैत्रीण मैत्रिणीला सहज म्हणते. गाऱ्हाणं म्हणा (देवाला घालतो ते नव्हे, शेजाऱ्याचं सांगतो ते). आणि 'बोन ऑफ कन्टेन्शन' हे आणखी वेगळं, ज्यावरून भांडण आहे ती वस्तू. तुमच्याकडे तो गडगा म्हणजे बोन ऑफ कन्टेन्शन. त्या पुतण्याला तुम्ही फोनवर 'आय हॅव अ बोन टु पिक विथ यू' म्हटलं असतं तर तो काही दुखावला नसता. हाडवैराला मी 'बिटर एन्मिटी' लिहायला लावते. स्पेलिंग बघा, एनिमीमधला दुसरा ई एन्मिटीत येत नाही, दहात सातजण तो घालतात.

—

मी रत्नागिरीत कोर्टाजवळ टायपिंग करतो, जमिनीच्याच नोटिसा जास्त. सगळ्यात जास्त चुकतं ते 'ॲक्स टु ग्राइंड'. कुऱ्हाडीला धार लावतोय म्हणजे आता घाव घालणार असं वाटतं ना, म्हणून लोक 'ही हॅज ॲन ॲक्स टु ग्राइंड अगेन्स्ट मी' असं डूख धरल्याच्या अर्थाने सांगतात. ते तसं नाहीय, त्याचा अर्थ आतला स्वतःचा मतलब असणे. साक्षीदाराला ॲक्स टु ग्राइंड नाही म्हणजे त्याचा ह्यात काही स्वार्थ नाही, त्याची साक्ष धरा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला वाक्प्रचार, गोड बोलून दुसऱ्याकडून आपल्या कुऱ्हाडीसाठी धारेचा दगड फिरवून घेणाऱ्या माणसाच्या गोष्टीवरून. गोष्टीत मारामारी नाहीच, कामापुरता मामा आहे.

डूख धरण्याला 'बेअर अ ग्रज' किंवा 'होल्ड अ ग्रज', आणि पुढे 'अगेन्स्ट' लावायचं, 'ऑन' किंवा 'विथ' नाही. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं असेल तर 'बॅड ब्लड', पण त्याला 'अ' लावू नका आणि अनेकवचन करू नका. 'देअर इज बॅड ब्लड बिटवीन द टू फॅमिलीज', एवढं सरळ. मागे एका अशिलाने दुसऱ्या घराबद्दल 'दे हॅव बॅड ब्लड' असं सांगितलं, मी विचारलं की कोणाशी, तर म्हणे नाही हो, त्यांचं रक्तच वाईट. असं नोटिशीत गेलं असतं तर वैर नव्हतं तिथे झालं असतं.

—

मंडणगड तालुक्यातला, वेळासजवळचा. 'ॲट लॉगरहेड्स' मी कितीतरी वर्षं कासवांवरून आलं असं समजायचो, दोन कासवं डोक्याला डोकं लावून. लॉगरहेड नावाचं कासव आहे खरं, पण आमच्याकडे अंडी घालायला येतात ती ऑलिव्ह रिडले, लॉगरहेड वेगळं, डोकं चांगलंच मोठं. मूळ शब्द लाकडाच्या जड ठोकळ्याचा, मग ठोकळ्यासारख्या डोक्याचा मठ्ठ माणूस, आणि त्याच नावाचं एक हत्यार पण होतं, लांब दांड्याला लोखंडी गोळा, तो तापवून जहाजावर डांबर वितळवायचे. आमच्या आजोबांनी होडीच्या फटी बुजवताना डांबर तापवलेलं मी बघितलंय, असला तापलेला गोळा हातात असलेली दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर काय होईल ते लगेच समजतं.

वापरायचं कसं तर माणसासाठी 'विथ' आणि मुद्द्यासाठी 'ओव्हर', 'ही इज ॲट लॉगरहेड्स विथ हिज ब्रदर ओव्हर द वॉल'. शेवटचा एस सोडायचा नाही. ह्यात जुनं वैर असायलाच हवं असं नाही, एका मुद्द्यावर दोघं हटून बसलेत एवढंच.

—

छत्तीसच्या आकड्याचं पण लिहा कोणीतरी. आमच्या साहेबांनी रिपोर्टमध्ये 'फिगर ऑफ थर्टी सिक्स' टाकलं होतं. देवनागरीत ३ आणि ६ पाठीला पाठ लावून बसतात म्हणून ते आपल्याला कळतं, इंग्रजी आकड्यांत ती पाठच नाही. तिथे 'ॲट डॅगर्स ड्रॉन', खंजीर उपसलेले. पण 'लुक डॅगर्स ॲट समवन' वेगळं हं, ते क्षणभर खाऊ की गिळू असं बघणं, उद्या परत बोलतील.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. गाऱ्हाणं, हट्ट, डूख आणि पिढीजात वैर ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत हे मराठीत मला कोणी शिकवावं लागलं नाही, इंग्रजीत मात्र मी सगळं एकाच टोपलीत टाकत होतो.

पुतण्याला मी फोन केला, पाऊण तास बोललो, वाक्याचं खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला काका मी तो ईमेल आईला दाखवलाच नाही. आता गणपतीला ये म्हणून लिहायचंय. 'लेट बायगॉन्स बी बायगॉन्स' टाकणार होतो पण शाळेतल्या बाईंना फोन करून विचारलं तर त्या म्हणाल्या की ज्याचं मन दुखावलंय त्याने हे म्हटलं तर ती क्षमा, ज्याने दुखावलं त्याने म्हटलं तर ते अंग झटकणं होतं, त्यामुळे काढलं. 'बरी द हॅचेट' पण नको, कारण कुऱ्हाड आमच्यात कधी नव्हतीच. शेवटी असं लिहिलं, 'आय वॉज व्हेरी फॉन्ड ऑफ युअर फादर. प्लीज कम होम फॉर गणपती.' ह्यात काही चूक असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, उद्या सकाळी पाठवतोय.