मदत हवी आहे: होस्टनेम बदललं आणि रॅबिटएमक्यू रिकामं
उबुंटू 22.04 वर ॲप्टने रॅबिटएमक्यू (ॲप्समधले मेसेज रांगेत ठेवणारा सर्व्हर) टाकलं. एकच नोड (रॅबिटएमक्यूची एक चालती प्रत), क्लस्टर नाही. काल सर्व्हरचं होस्टनेम बदललं (हौस माझीच). रीस्टार्टनंतर सर्व्हिस चालू, 5672 पोर्ट उघडा, पण आधीचे युजर, क्यू (मेसेजच्या रांगा) सगळं गायब. म्नेशिया फोल्डरात (रॅबिटएमक्यूचा डेटा इथे असतो) आता दोन डिरेक्टऱ्या दिसतात, एक जुन्या नावाची, एक नव्या. जुन्या डिरेक्टरीच्या कॉपीला नवं नाव देऊन पाहिलं, नोड उठतच नाही. गेस्ट हा डिफॉल्ट युजर फक्त लोकलहोस्टवरून चालतो हे माहीत आहे, अडचण ती नाही. डेफिनिशन्सचा (युजर, क्यू वगैरेंच्या सेटिंगचा) एक्सपोर्ट नाही आणि क्यूत न उचललेले पर्सिस्टंट (डिस्कवर जपलेले) मेसेज आहेत, त्यामुळे रीइन्स्टॉल सुचवू नका. रॅबिटएमक्यूच्या एन्व्ह (सेटिंग) फाइलमध्ये जुनं नोडनेम (होस्टनेमवरून बनणारं नोडचं नाव) देऊन होस्ट्स फाइलमध्ये जुनं होस्टनेम 127.0.0.1 ला (म्हणजे याच मशीनला) जोडलं, तर पुरेल का?