पद्मिनीचा दुसरा गिअर करकरतोय, सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारा भाग) गेला काय?

फोंडेकर११००: घरची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे, कॉलम शिफ्टवाली, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावर. चोर्ला घाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकला की करर्र! पहिला तर चालत्या गाडीत पडतच नाही. मेकॅनिक म्हणतो अख्खा गिअरबॉक्स बदल. काय करू?

जुनाट_स्पॅनर: पहिल्याचं सोड रे, त्याला सिंक्रो नसतोच, गाडी थांबवूनच टाकायचा. दुसऱ्याला डबल क्लच करून बघ, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, परत क्लच दाबून दुसरा. गुपचूप पडला तर सिंक्रोच. पण उभ्या गाडीत रिव्हर्सपण करकरत असेल तर आधी क्लच बघ, तो पूर्ण सुटत नसेल, उगाच बॉक्स खोलशील.

फोंडेकर११००: डबल क्लचने लोण्यासारखा पडला! रिव्हर्स ठीक.

म्हापसा_गॅरेज: मग सिंक्रोची पितळी रिंग झिजलीय बाब. पण ऑइल कुठलं घातलंयस? जीएल-५ असेल तर काढ, जीएल-४ घाल (हे गिअर ऑइलचे दर्जे), जीएल-५ मधले काही केमिकल पितळ खातात आणि सिंक्रोला पकडही कमी मिळते. कधीकधी तेवढ्यानेच फरक पडतो. नाहीच पडला तर खोल, रिंग गिअरच्या कोनवर (निमुळत्या भागावर) दाबून फिरव, पकडली पाहिजे, सरसर फिरली तर गेली. रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांचं मापक) माप, नवीन रिंगशी ताडून बघ. स्लीव्हचे (गिअर गुंतवणारी सरकती कडी) दात गोल झाले असतील तर नुसती रिंग घालून पैसे पाण्यात.

फोंडेकर११००: आधी ऑइलच. चतुर्थीला गाडी लागणारच आहे, खोलाखोली त्यानंतर.