घोट्याच्या मॉर्टाइज चित्रात बाहेरची फट मोकळी का दिसत नाही?

प्रश्न (क्ष-किरण तंत्रज्ञ, सत्तरी):
पावसाळा सुरू झाल्यापासून आमच्याकडे दुचाकीवरून पडलेले आणि कुळागरात शेवाळावरून घसरलेले रुग्ण रोज येतात. घोट्याचे समोरचे आणि बाजूचे चित्र मला जमते. मात्र मॉर्टाइजसाठी, म्हणजे घोट्याच्या सांध्याची फट तिन्ही बाजूंनी मोकळी दाखवणाऱ्या चित्रासाठी, पाऊल १५ ते २० अंश आत वळवूनही बाह्य घोटा आणि टॅलस (दोन्ही घोट्यांमधले, टाचेवरचे हाड) यांमधली फट मोकळी होत नाही, हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. परवा एका आजींचे चित्र तीनदा काढावे लागले, आणि त्यांना झालेला त्रास अजून मनाला लागून राहिला आहे. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर (तंत्रज्ञ, फोंडा):
ताई, उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: तुम्ही पाऊल वळवता. बाह्य घोटा आतल्या घोट्यापेक्षा थोडा मागे असतो, म्हणून सरळ ठेवलेल्या पायात फिब्युला (नडगीच्या बाहेरचे बारीक हाड; त्याचे खालचे टोक म्हणजे बाह्य घोटा) टॅलसच्या आड येते. दोन्ही घोटे एका पातळीत आणायचे, तर संपूर्ण पाय खुब्यापासून आत वळायला हवा. नुसता पंजा आत ओढला, तर घोट्यावरची नडगी जागची हलत नाही आणि वर दुखऱ्या सांध्याला पीळ बसतो. मी अंश मोजत बसत नाही. दोन्ही घोट्यांवर बोटे ठेवून ती डिटेक्टरपासून (पायाखालच्या, चित्र टिपणाऱ्या पाटीपासून) सारख्या उंचीवर आली का, एवढे पाहतो. पाऊल नडगीशी काटकोनात हवे, कारण पंजा खाली झुकला की टाचेचे हाड बाह्य घोट्याच्या टोकावर चढते. पाय वळवल्यावर बाहेरच्या कडेला वाळूची पिशवी टेकवावी. रुग्णाने स्नायू ताणून पाय धरून ठेवावा अशी अपेक्षा करू नये.

उत्तर (निवृत्त तंत्रज्ञ, डिचोली):
वरील उत्तर योग्य आहे, परंतु ते खुबा शाबूत असलेल्या रुग्णापुरतेच. पडलेल्या वृद्ध रुग्णाचा पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर तो मुळीच वळवू नका. मांडीच्या हाडाची मान मोडलेली असू शकते. अशा वेळी आधी खुब्याचे चित्र पाय आहे तसाच ठेवून काढावे, बाजूचे चित्र आडव्या किरणाने घ्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. दुसरे असे की, आतल्या घोट्याला मार असून गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला दाबल्यावर दुखत असेल, तर केवळ घोट्याच्या चित्रावर थांबू नये. फिब्युला वर, गुडघ्याजवळ मोडलेली असू शकते आणि घोट्याच्या चित्रात ती मोड दिसत नाही. अशा वेळी दोन्ही सांधे येतील असे संपूर्ण पोटरीचे चित्र डॉक्टरांना सुचवावे.

प्रश्नकर्ती:
आज सकाळी घोट्यांवर बोटे ठेवून पाहिले, तेव्हा बाह्य घोटा खरोखरच मागे राहिलेला जाणवला. मांडीपासून पाय वळवून कडेला पिशवी टेकवली आणि पहिल्याच चित्रात फट तिन्ही बाजूंनी सारखी मोकळी आली. आपणा दोघांची मी मनापासून आभारी आहे.