होसूरहून नाशिकला परत यायचंय: मुलीच्या दहावीआधी की निवृत्तीनंतर?

होसूरचा नाशिककर

नमस्कार मंडळी. प्रश्नाआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर "या की, अडचण काय आहे" एवढंच उत्तर येईल.

मी टूलरूमचा माणूस. सातपूरच्या आयटीआयमधून टूल अँड डाय मेकर केलं, मग अंबडला एका कारखान्यात प्रेस टूलवर, म्हणजे पत्रा कापायच्या-वाकवायच्या साच्यांवर, लागलो. २०१४ मध्ये त्या कारखान्यानं आमची अख्खी लाइन तमिळनाडूत हलवली. येत असाल तर चला, नसाल तर हिशोब घ्या, असा मामला होता. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती आणि घराचे हप्ते सुरू होते. आम्ही होसूरला आलो.

होसूरबद्दल मी वाकडं बोलणार नाही. कर्नाटकच्या सीमेला चिकटून असलेलं, कारखान्यांचं आणि गुलाबाच्या शेतीचं गाव आहे. हवा आपल्यासारखी, चेन्नईचा घामट उकाडा इथे नाही. आमच्या एका गल्लीत तमिळ, तेलुगू आणि कन्नड तिन्ही चालतात. मुलगी लहानपणी तापानं फणफणली तेव्हा शेजारच्या पाट्टी रात्रभर तिच्या उशाशी बसून होत्या. पाट्टी म्हणजे आजी, पण आम्ही सगळेच त्यांना पाट्टी म्हणतो. कामातही मान आहे. वायरकटचा, म्हणजे तारेनं धातू कापायच्या मशीनचा, अवघड जॉब आला की फाइल माझ्या टेबलावर येते.

तरीपण माझा जीव इथे लागलेला नाही. इतक्या वर्षांत लागायला हवा होता, असं लोक म्हणतात.

बुधवारी संध्याकाळी आईचा फोन येतो. ती सिडकोत एकटी राहते, वडील आता नाहीत. माहेर पंचवटीचं, त्यामुळे गुडघे दुखत असले तरी बस पकडून गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजाराला जातेच. मेथीची जुडी केवढ्याला, पेठकडच्या बायका कर्टुली घेऊन बसल्या होत्या का, ओळखीचं कोण भेटलं, सगळं सांगते. मी मधे बोलत नाही. तो बाजार मला डोळ्यांसमोर दिसत असतो, कुठल्या पायरीशी कोण बसतं त्यासकट.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की मी मोबाइलवर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीचा फोटो शोधतो, पुराचं पाणी आपण त्याच्यावरच मोजतो. पाणी गुडघ्याला आहे, कमरेला आहे की छातीला? २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा मी इथे शिफ्टवर होतो. सुपरवायझरनं विचारलं, तुझं घर नदीकाठी आहे का? नाही म्हणालो. मग एवढी काळजी कसली, हे त्याला समजावता आलं नाही.

रंगपंचमीचंही तसंच. आपल्याकडे धुळवडीला नाही, रंगपंचमीला रंग. तिवंध्याच्या रहाडीत मी दहावीत असताना पहिल्यांदा धप्पा मारला होता, म्हणजे उडी. पेशवाईपासूनच्या त्या दगडी हौदात फुलांचा उकळलेला रंग असतो, आणि कपड्यांना त्याचा वास कितीतरी दिवस राहतो. इथे तो दिवस कामाचा असतो. जानेवारीनंतर आपल्याकडे ओझर-पिंपळगावच्या रस्त्याला द्राक्षाचे मणी टोपल्यांत भरून विकायला येतात. इथे बंगळूर ब्ल्यू मिळतात, काळी, जाड सालीची, रसाला उत्तम. आम्ही तीच खातो. पण हातात धरल्यावर ती आपली वाटत नाहीत.

घरी येताना बंगळूरहून कर्नाटक एक्स्प्रेस पकडतो. दुसऱ्या दिवशी नगर मागे पडलं, येवला गेलं आणि अंकाई-टंकाईचे किल्ले दिसायला लागले की बर्थखालच्या बॅगा बाहेर काढतो. मनमाडला उतरून फलाटावर पहिला मराठी आवाज ऐकला की खांदे सैल पडतात. बायको म्हणते, तुमचा चेहराच बदलतो तिथे.

आता प्रश्न. मुलगी आठवीत आहे. माझं वय ४४. आत्ता परतलो तर पगार कमी होणार हे मला कळतं. १४ वर्षं थांबलो तर पूर्ण नोकरी करून येईन, पण तोवर आई असेल का, आणि मुलगी नाशिकची राहील का? शिवाय एक भीती वाटते. लेथच्या चकमधून, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यांतून, काढलेला जॉब पुन्हा लावला की तो पहिल्या सेंटरला बसत नाही, हे आमच्या धंद्यातलं रोजचं सत्य आहे. तसं माझं झालं तर? जे परत आलेत त्यांनी खरं काय ते सांगावं.

अंबड लिंक रोड

दादा, कामाचं मी सांगतो. माझं छोटं युनिट आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), एक वायरकट आणि जुनं सरफेस ग्राइंडर.

तुमच्यासारख्या माणसाला इथे काम आहे. प्रोग्राम करणारी पोरं मिळतात, हुशार आहेत. डाय हातानं बसवणारा, स्पॉटिंग करून, म्हणजे रंग लावून कुठे टेकतं ते बघून, बर (पत्र्याच्या कडेची नको असलेली धार) कुठून येतोय ते ओळखणारा माणूस शोधावा लागतो. नाशिकमध्ये गाड्यांच्या पार्टइतकंच स्विचगियर आणि इलेक्ट्रिकलचं काम मोठं आहे, त्याला प्रेस टूल सतत लागतात. सातपूर-अंबडपुरतं बघू नका. सिन्नरच्या माळेगाव आणि मुसळगावला, दिंडोरीकडे अक्राळ्याला पण चौकशी करा.

पगार मात्र तिथल्या पाऊणपटच मिळेल असं धरून चाला. जास्त मिळाला तर आनंद. ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम नंबरावर) ट्रान्सफर करा. पाच वर्षं कधीच उलटलीत, तेव्हा ग्रॅच्युइटी हक्काची आहे. ती घराला न लावता पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी बाजूला ठेवा. ते पहिलं वर्षच जड जातं.

आणि तुमच्या त्या चकचं म्हणाल तर, थ्री-जॉमध्ये, म्हणजे तीन जबड्यांच्या चकमध्ये, नाही बसत, खरंय. फोर-जॉमध्ये बसतो. एकेक जबडा सोडत-आवळत डायल बघायचा. वेळ जातो पण सेंटर मिळतं. मी स्वतः चाकणला काही वर्षं काढून आलोय. आपल्याच राज्यात होतो, तरी आल्यावर जुळायला वर्ष गेलं.

मखमलाबादची

दादा, आम्ही वापीहून परत आलो, मुलगा तेव्हा आठवीतच होता. म्हणून तुमच्या मुलीबद्दल लिहिते.

थांबायचं की यायचं यात मधला रस्ता फार अरुंद आहे. मुलगी सीबीएसईत असेल तर बोर्डाची नोंदणी नववीत होते, दहावीत शाळा बदलणं अवघड जातं. म्हणजे यायचं तर नववीच्या सुरुवातीला, नाहीतर दहावी तिकडेच करून. आणि दहावी तिकडे केली तर दुसरी अडचण आहे. तिला डॉक्टर व्हायचं असेल तर आपल्या राज्याच्या कोट्यातून मेडिकलला जायला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण लागतात, वर डोमिसाइल, म्हणजे रहिवासी दाखला. ते आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला बारावीनंतर कळलं. मुलीला फार चांगले मार्क होते, आईवडील दोघंही निफाडचे, तरी उपयोग झाला नाही. मला अजून ती मुलगी आठवते.

डोमिसाइलसाठी महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे मागतात. तुमचा जन्माचा आणि शाळेचा दाखला, आईच्या घराची कागदपत्रं, जुनी रेशनकार्डाची प्रत, सगळं आत्ताच गोळा करून ठेवा आणि सेतू केंद्रात तुमच्या परिस्थितीत काय चालेल ते समक्ष विचारा.

मराठीचं काय? २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. ती घरी बोलत असेलच, पण तिकडे तमिळ शिकली असणार, लिहायला जड जाईल. बाहेरून आलेल्या मुलांना सूट द्यायची तरतूद आहे, शाळेला लेखी विचारा. माझं मत विचाराल तर सूट घेऊ नका. आमच्या मुलाला माझ्या सासऱ्यांनी रोज संध्याकाळी पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचायला लावली आणि खाली चार ओळी लिहायला लावल्या. दिवाळीपर्यंत तो नीट लिहायला लागला. तुमच्या घरी आजी आहेत, याहून चांगला शिक्षक कुठे मिळणार?

एक विचारू? वहिनींचं काय म्हणणं आहे? तुमच्या सगळ्या लिहिण्यात त्या एकाच वाक्यात आल्या.

तिवंधा चौक

मी ६८ वर्षांचा. नोकरी भिलाईला झाली, निवृत्तीनंतर परत आलो. मला मधे यायचा पर्यायच नव्हता, म्हणून तुम्हाला लिहितोय, कारण तुम्हाला आहे.

जे बदललंय ते आधी ऐका. आमच्या वाड्याच्या जागी इमारत उभी आहे. द्वारकेच्या चौकात संध्याकाळी अडकलात तर घरी सांगून ठेवायचं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला जातो, आमच्या लहानपणी पंख्याशिवाय झोपायचो. २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, त्यामुळे रस्ते खणलेले दिसतील. साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय २०२५ मध्ये निघाला तेव्हा लोक विरोधाला उभे राहिले, मीसुद्धा काठी घेऊन गेलो होतो. भिलाईत कित्येक वर्षं काढली, तिथे एका झाडासाठी मी कधी घराबाहेर पडलो नव्हतो. इथे पडावंसं वाटलं.

आता मुख्य. मी परत आलो तेव्हा आई-वडील गेलेले होते. बरोबर खेळलेले दोघं-तिघं उरले, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही. गल्लीतली तरुण पोरं मला "काका कुठून आलात" असं विचारत होती, आणि मी तर याच गल्लीत जन्मलो. गाव मिळालं. ज्यांच्यासाठी यायचं ती माणसं मिळाली नाहीत. काळारामाचा रथ निघतो तेव्हा मी अजूनही ओट्यावर उभा राहतो, पण "अरे, तू कधी आलास?" असं म्हणणारं कोणी नाही.

तुमच्या आई बुधवारच्या बाजाराला जाताहेत तोवर या. त्यांची पिशवी धरायला या. कमी पगाराचं अंबडवाल्यांनी सांगितलंच आहे, ते खरं आहे. मला त्या वयात कोणी निवड दिली असती तर मी पाऊण काय, अर्ध्या पगारावर आलो असतो.

होसूरचा नाशिककर

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं.

ताई, तुम्ही बरोबर ठिकाणी विचारलंत. ती सिन्नरची. तमिळ माझ्याआधी शिकली, कारण तिला दिवसभर शेजारणींत राहायचं होतं. ती ब्लाउज शिवते. इथे आल्यावर आरी वर्क शिकली, स्टँडवर कापड ताणून हुकच्या सुईनं जरी-मणी भरायचं काम. लग्नसराईत तिच्याकडे नंबर लावावा लागतो. तिचं म्हणणं असं की नाशिकला यायला ती तयार आहे, माझ्यापेक्षा जास्तच, पण दोन अटी. सासूबाईंच्या जवळ राहायचं, पण त्यांच्या तीन खोल्यांत नाही. आपला स्वयंपाकाचा ओटा वेगळा हवा. आणि तिच्या स्टँडसाठी उजेडाची खोली, कारण इथलं गिऱ्हाईक ती सोडून येणार आहे आणि तिथे शून्यातून उभं करायचंय. मला दोन्ही मान्य आहेत. मी नोकरी सोडणं हे मला मोठं वाटत होतं. तिचं सोडणं तेवढंच मोठं आहे, कदाचित जास्त, तिला कोणी ऑफर लेटर देणार नाही.

मुलगी म्हणते, तिची मैत्रीण सुट्टीत नाशिकला येणार असेल तर चालेल. तिला डॉक्टरच व्हायचंय, म्हणून ताईंची माहिती आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ठरली. शाळा सीबीएसईची आहे. म्हणजे येत्या एप्रिलला नववी नाशिकमध्ये.

आईला अजून सांगितलेलं नाही. घर नक्की झाल्यावर सांगेन, नाहीतर ती आजपासून गहू निवडायला बसेल. उत्तमनगर किंवा पवननगरच्या बाजूला पहिल्या मजल्यावर, खिडक्या पूर्वेला असलेलं भाड्याचं घर कोणाच्या माहितीत असेल तर कळवा.

अंबड लिंक रोड

त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे माझ्या मेव्हण्याच्या बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट मार्चअखेर रिकामा होतोय. दोन बेडरूम, उजेड भरपूर. निरोपातून नंबर पाठवतो. आणि मार्चमध्ये घर बघायला याल तेव्हा युनिटवर चक्कर टाका. एका प्रोग्रेसिव्ह टूलचं (पत्रा टप्प्याटप्प्यानं घडवणारा साचा) तिसरं स्टेशन मला त्रास देतंय, तुम्ही बघून सांगा. चहा माझा.

मखमलाबादची

वहिनींना सांगा, आरी वर्कला इथेही मागणी आहे, माझ्या पुतणीच्या लग्नाचे ब्लाउज मीच पहिले देईन.

आणि दादा, शाळा सोडल्याच्या दाखल्याचं विसरू नका. दुसऱ्या राज्यातून येताना त्यावर तिकडच्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागू शकतात, नव्या शाळेला आधी विचारा आणि लागत असेल तर ती तिथे असतानाच घ्या. आम्ही वापीला ती न घेता निघालो असतो तर माझ्या नवऱ्याला परत जावं लागलं असतं. होसूर तर त्याहून कितीतरी लांब. गाडीचं पण तसंच, तिथून निघायच्या आधीच होसूरच्या आरटीओच्या एनओसीचं काम सुरू करा. इथे रोड टॅक्स भरावा लागेल, तिथला उरलेला परत मागता येतो, म्हणून तिकडची पावती फाइलला लावून ठेवा. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८, तो घरबसल्या भरता येतो. शाळेची यादी उद्या टाकते, मखमलाबाद रोडच्या आणि सिडकोतल्या वेगवेगळ्या करून.