सर्व्हिस चार्ज काढायला लावला. चुकलं का माझं?

बोरिवलीची सून:
सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही सहाजण रविवारी रात्री बोरिवली पश्चिमेच्या एका हॉटेलात गेलो. बाहेर नाव लिहून पाऊण तास उभे होतो. त्याबद्दल तक्रार नाही, रविवारी सगळीकडे तेच. जेवण छान होतं. मग बिल आलं. जेवणाचे २,४००, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज २४०, आणि या २,६४० वर पाच टक्के जीएसटी १३२. एकूण २,७७२. म्हणजे सर्व्हिस चार्ज तर घेतलाच, वर त्यावर करही लावला.

काढा म्हटलं, तर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, सिस्टीममधून निघत नाही." केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की हा चार्ज बिलात आपोआप जोडायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला हरल्या. हे सगळं मी तिथे उभ्याने सांगितलं. पंधरा मिनिटांनी नवं बिल आलं, २,५२० चं. घरी येताना नवरा म्हणाला, "आईच्या वाढदिवसाला २५२ रुपयांसाठी भांडलीस." मला अजूनही वाटतं, मी बरोबर केलं.

मालाडचा:
ताई, कायद्याने तुम्ही बरोबर आहात, पण मला वाईट वाटलं. माझे वडील बावीस वर्षं मालाडच्या एका हॉटेलात वेटर होते. टेबलावरची टीप वेटरच्या खिशात जायची. मोरीवर भांडी घासणाऱ्याला, भट्टीपाशी रोट्या लावणाऱ्याला त्यातलं काही मिळायचं नाही. त्यांच्या मालकाने सर्व्हिस चार्ज सुरू केला तेव्हा तो महिन्याच्या शेवटी सगळ्यांत वाटला जायचा आणि मोरीवरच्या पोरालाही हिस्सा मिळायचा. आता लोक फोनवरून पैसे भरतात, बिलाच्या फोल्डरमध्ये सुट्टे ठेवायची सवयच गेली. चार्ज काढलात तर ही माणसं कशावर जगतील?

बोरिवलीची सून:
दादा, तुमच्या वडिलांचे मालक सज्जन होते. पण वाटप होतं की नाही, हे मला बिलावरून कसं कळणार? आणि मोरीवरच्या माणसाचा पगार मालकाने द्यायचा, की मी टक्क्यांत?

मुलुंडचा हॉटेलवाला:
मी सर्व्हिस चार्ज लावत नाही, तरी मालकांची बाजू मांडतो. जागेच्या भाड्यावर आम्ही अठरा टक्के जीएसटी भरतो. तुमच्याकडून पाच टक्के घेतो तो सरकारला जातो, आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या पाच टक्क्यांत भाड्यावरच्या कराची वजावट आम्हाला मिळत नाही. घरपोच मागवणारी ॲप्स कमिशन कापतात ते वेगळंच. मेन्यूत पनीर वीस रुपयांनी वाढवलं की गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात जातं. म्हणून काहीजण खाली बारीक अक्षरात दहा टक्के टाकतात. मला ते पटत नाही. मी भावच वाढवले आणि दोन महिने गिऱ्हाईक कमी झालेलं सोसलं.

पार्ल्याचे आजोबा:
वरचा हॉटेलवाल्याचा प्रतिसाद सर्वांनी नीट वाचावा. भाव मेन्यूत आधी दिसतो. नको असेल तर उठून शेजारी इडली खाता येते. चार्ज मात्र जेवण झाल्यावर समोर येतो, नातवंडं पेंगत असतात, बाहेर रांग आपल्याकडे बघत असते. अशा वेळी भांडणार कोण? सूनबाई, तू भांडलीस ते उत्तम केलंस. मॅनेजर ऐकत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तिथूनच फोन लावावा.

अंधेरी पूर्व:
आणि पाण्याची बाटली? छापील किमतीपेक्षा जास्त घेतात, त्याचं काय?

पार्ल्याचे आजोबा:
ते घेऊ शकतात. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिलाय. साधं पाणी मागा.

मालाडचा:
आजोबा, तुम्ही सगळे कायद्याचं बोलताय. माझा प्रश्न तसाच आहे. ताई, चार्ज काढल्यावर टीप किती ठेवलीत?

बोरिवलीची सून:
ठेवली नाही. रागात उठून आले. हे मात्र चुकलंच. आमच्या टेबलाच्या मुलाने सासूबाईंसाठी न सांगता बिनतिखटाची खिचडी वेगळी करून आणली होती, आणि चार्जमध्ये त्याचा काहीच दोष नव्हता. येत्या रविवारी दुपारी, गर्दी नसताना, जाऊन त्याच्या हातात शंभर रुपये देईन, मोरीवर जो असेल त्यालाही देईन. आणि जेवायला बसले तर सर्व्हिस चार्ज तेव्हाही काढायला लावेन.