विंग लूंग: खरा फरक इंजिनाचा

विंग लूंग हे चीनचं लष्करी ड्रोन. 'विंग लूंग-२ म्हणजे पहिल्या विंग लूंगचंच मोठं रूप' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. व्ही आकाराची शेपटी आणि मागून ढकलणारा पंखा सारखाच आहे, मान्य. पण पहिल्यात १०० अश्वशक्तीचं पिस्टन इंजिन होतं, दुसऱ्यात टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनच्या जोरावर पंखा फिरवणारं इंजिन बसवलं. म्हणूनच कमाल वजन १,१०० किलोवरून थेट ४,२०० वर गेलं आणि पंखांखाली ४८० किलो शस्त्रं टांगता येऊ लागली!

युद्धाबाहेरचा उपयोगही मोलाचा आहे. जुलै २०२१ मध्ये चीनच्या हनान प्रांतातल्या पुरात विंग लूंग-२एच ग्वेझो प्रांतातून हजारावर किलोमीटर उडत आलं आणि मिहे गावावर घिरट्या घालत ५ तास मोबाईलचं नेटवर्क पुरवत राहिलं.