स्टोरेज कोडमधला मर्ज कॉन्फ्लिक्ट: मिटवून पाठवायचा की तसाच वर जाऊ द्यायचा?

होटगीकर:
परवा सात रस्त्याला चहावर अर्धवट राहिलेला वाद. दोघांनी एकाच जागी वेगवेगळे बदल केले की गिटला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) ते जोडता येत नाहीत, हाच मर्ज कॉन्फ्लिक्ट. माझं म्हणणं, लिनक्स कर्नलचा (सिस्टिमचा गाभा) एखादा भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरनं पुल रिक्वेस्टआधी, म्हणजे ‘माझे बदल घ्या’ असं वर कळवण्याआधी, मेनलाइन (मुख्य कोड) आपल्या ब्रँचमध्ये (कामाच्या फांदीत) ओढून कॉन्फ्लिक्ट गायब करू नये. लिनक्सचा जनक टोरवाल्ड्स हेच सांगत आलाय: मर्ज मी करतो, तुम्ही कसं सोडवलं असतं ते पत्रात लिहा. ब्लॉक आणि स्कझी (दोन्ही डिस्कशी बोलणारे भाग) या वेगळ्या ट्री, म्हणजे वेगवेगळ्या मेंटेनरांच्या कोडच्या प्रती, पण डिस्क चालवणाऱ्या एसडी ड्रायव्हरला दोघांचेही हात लागतात. कुणाचं कुठं अडलं हे वर दिसायलाच हवं.

अक्कलकोट रोड:
दिसून काय करायचं बे? मर्ज विंडो (नवे बदल घ्यायचा काळ) दोन आठवड्यांची, त्यात हजारो कमिट (नोंदवलेले बदल). कर्नल ६.९ पासून डिस्कच्या क्यूच्या (कामांच्या रांगेच्या) लिमिट एकेक न बदलता एकदम बदलायची पद्धत आली, जुनी फंक्शनं पुढं काढून टाकली. समजा, तेवढ्यात माझ्या ट्रीत कुणी जुनंच फंक्शन नव्या जागी वापरलं. गिटला कॉन्फ्लिक्ट दिसत नाही, बिल्ड (कोडपासून चालणारं कर्नल बनवणं) मात्र झोपतं. ड्रायव्हर ज्याचा, त्यानंच आधी निस्तरावं.

होटगीकर:
बिल्ड झोपलं तर नशीबच म्हणायचं! एकानं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) सोडायची ओळ खाली नेली, दुसऱ्यानं त्याच्या वर नवा रिटर्न (फंक्शनमधून बाहेर पडायची ओळ) टाकला. मर्ज बिनबोभाट, बिल्ड पास, आणि एरर आली की लॉक अडकलेलंच. तपासून बघ ना, कोण नको म्हणतंय? टाकाऊ ब्रँचवर मर्ज कर, ब्लकटेस्ट्स (ब्लॉक कोडच्या चाचण्या) चालव. ती ब्रँच पाठवू नको, एवढंच. लिनक्स-नेक्स्ट या चाचणीच्या ट्रीत २००८ पासून सगळ्या ट्री आधीच एकत्र करून बघतात, तिथं बहुतेक भांडणं कळतात.

चिंचोळीकर:
मधेच बोलतो. कर्नल ५.१२-आरसी१ (५.१२ ची पहिली चाचणी आवृत्ती) आठवतंय का? मार्च २०२१. स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची फाइल) वापरणाऱ्यांच्या डिस्कवर भलत्याच जागी लिहिलं जायचं. शेवटी त्या आवृत्तीच्या टॅगच्या नावाला ‘डोन्टयूज’ जोडलं. ते ज्यानं आपल्या ब्रँचमध्ये ओढलं, त्याच्या ब्रँचवर बायसेक्ट करणाऱ्याची (जुन्या आवृत्त्या चालवून बिघाड शोधणाऱ्याची) डिस्क धोक्यात. म्हणून होटगीकरला माझं मत.

अक्कलकोट रोड:
मेनलाइनपुरतं मान्य, तेही अर्धंच. आम्ही रेकॉर्डरच्या डब्यासाठी कर्नल सांभाळतो. स्टेबल (दुरुस्त्या मिळत राहणारी कर्नलची शाखा) ओढलं की आमचे पॅच (स्वतःचे बदल) भिडतात. वर पाठवू कुणाला? मिटवायचं आपणच. गिटचं रीरीरी (आधीची सोडवणूक लक्षात ठेवणारी सोय) चालू ठेवलंय, तेच भांडण पुन्हा आलं की आपोआप सुटतं.

होटगीकर:
आणि पहिल्यांदा चुकीचं सोडवलं असेल तर तेही इमानेइतबारे पुन्हा तसंच सुटतं. गिटमध्ये कॉन्फ्लिक्ट दाखवायची स्टाइल झेडडिफ३ ठेव, दोन्ही बाजूंच्या मधे मूळ ओळ दिसते. ती न बघता ‘अवर्स’ (आपलीच बाजू ठेवा) मारणाऱ्याच्या डब्यात मी माझं फुटेज ठेवणार नाही.